अकरा चंबू पाणी

"पहिल्यांदा कधी बसलीस बाजूला?"

डॉक्टरीण बाईंनी विचारलं रत्नाला, पण उत्तर आलं तिच्या आईच्या, अव्वाच्या तोंडातून, आणि तेही इतकं झटकन, की जसं काही एस.टी.त बसल्यापासून ते तिनं जिभेखाली धरून ठेवलं होतं.

"गेल्या चैतात, बाई. पाडव्यानंतरच्या शुक्रवारी. सगळ्या गावादेखत न्हाण घातलं की हिला! अकरा सवाष्णी आल्या होत्या, कुणाला बी इचारा."

"मी मुलीला विचारलं," डॉक्टरीण बाई म्हणाल्या.

रत्ना स्टुलावर बसली होती. आठशे मीटर पळून आल्यावरही जिचा श्वास शंभर मोजेपर्यंत जागेवर येतो, तिला इथं बसल्या जागी धाप लागली होती. टेबलावर एक कागद पडला होता. तिला तो उलटा दिसत होता, तरी वाचता येत होता, कारण गेले आठ दिवस तो डोळ्यांपुढून हललाच नव्हता. 'सदर खेळाडू ही मुलगी असल्याबाबत आम्हांस शंका आहे.' खाली देगलूरच्या शेषेराव सरांची लफ्फेदार सही.

"चैतात," रत्ना म्हणाली. तिचा आवाज मुळातच घोगरा, आता तर आडाच्या तळातून आल्यासारखा आला.

डॉक्टरीण बाईंनी पोट दाबून बघितलं, काही विचारलं, काही लिहिलं. मग कुल्फीच्या काडीसारखी एक काडी काढली, रत्नाला आ करायला लावला आणि गालाच्या आतून हलकंच खरवडून ते काचेच्या पट्टीवर फासलं.

"एवढ्याशा थुंकीत काय दिसतंय, बाई?" अव्वानं विचारलं. हसत विचारलं, पण पदराचं टोक दोन्ही मुठीत होतं.

"थुंकी नाही, कातडीचे कण आहेत. पुण्याला पाठवायचे. तुम्ही जरा बाहेर बसा."

अव्वा गेली. जाताना दारातून रत्नाकडे असं बघून गेली, की त्या बघण्यातच सगळं होतं: बोललीस तर बघ, आणि पाया पडते गं बोलू नकोस, दोन्ही एकदम.

डॉक्टरीण बाई खुर्ची ओढून जवळ आल्या. "हे बघ, तू मला काही सांगितलं नाहीस आणि मीही काही विचारत नाही. पण ऐकून ठेव. काही मुलींची आतली ठेवण जन्मापासूनच वेगळी असते. कुणाला पाळी येत नाही, कुणाचं अंग जरा राकट असतं. त्या मुलीच असतात. त्यांना नीट दाखवून घ्यावं लागतं, कधी आत दुखणं वाढू शकतं म्हणून. लाज वाटायचं त्यात काही नाही."

"मंग मी पळू शकते?"

एवढा वेळ भराभर बोलणाऱ्या बाईंनी काचेची पट्टी सावकाश कागदात गुंडाळली. "ते मी ठरवत नाही, बेटा," त्या शेवटी म्हणाल्या. "आणि जे ठरवतात त्यांनाही ते नीट कळलंय असं मला वाटत नाही."

झालं होतं असं, की लातूर जिल्हा होऊन जेमतेम पाच महिने झाले होते. नव्या नवरीला कसं सगळंच नवं लागतं, तसं नव्या जिल्ह्याला नवी कचेरी, नवे शिक्के, नवे साहेब, सगळं हवं होतं. आणि मेडलही हवं होतं. दिल्लीत नुकतंच एशियाड झालेलं, त्यामुळे खेळाचं वारं गावोगावी सुटलेलं. देवणीच्या शाळेतले खेळाचे मास्तर किशनराव सर तर झोपेतसुद्धा शिट्टी फुंकत असावेत. "रत्ने," ते म्हणायचे, "उस्मानाबादच्या पोटात होतो तवा आपल्याला कुणी कुत्रं इचारत नव्हतं. आता घरचा जिल्हा हाय. पयलं मेडल तू आणायचं, बस!"

आणि नांदेडच्या विभागीय स्पर्धेत रत्नानं ते आणलं की! काय पळाली होती! अनवाणी, दोन्ही वेण्या डोक्यावर बांधून, उन्हाळी वावटळ शिवारातून जावी तशी. दुसरी आली देगलूरची गंगामणी, वीस पावलं मागं. राज्यस्पर्धेला पुण्याला जाणार फक्त पहिली. रत्ना कमरेवर हात ठेवून उभी होती तेवढ्यात दोरीपलीकडून कुणीतरी म्हणालं, "आरं, पोरगी हाय का पोरगं?" आणि पाच-पन्नास माणसं हसली. त्या हसण्यातून तासाभरात तो अर्ज तयार झाला. जिंकलेलं मेडल स्पर्धेच्या समितीच्या कपाटात गेलं, आणि रत्ना डॉक्टरीण बाईंच्या स्टुलावर.

आता खरी गोष्ट सांगते. चैतातलं ते न्हाण खोटं होतं.

रत्नाला पंधरा सरून सोळावं लागलं तरी काही झालं नव्हतं. तिच्या बरोबरीच्या पोरी तर तेराव्या-चौदाव्यालाच मखरात बसून मोकळ्या झाल्या होत्या. पाण्याच्या रांगेत बायका विचारायला लागल्या, "शिवम्मा, तुझ्या रत्नीचं काय गं?" आधी काळजीनं, मग बारीक आवाजात, मग शिवम्मा आली की गप्प होऊन. रत्नाचे वडील गुरुबसप्पा लातूरला डाळ मिलमध्ये कामाला, शनिवारी यायचे. त्यांना हे कुणी सांगायचं? आणि शिवम्माच्या मनात एक भीती अशी होती, की ती तिनं स्वतःलाही मोठ्यानं सांगितली नव्हती. ती लहान असताना माहेरच्या गावात एका लेकराचं असंच काहीतरी कळलं होतं, हे धड हे नाही न् धड ते नाही. मोठ्या माणसांनी बसून ठरवलं, आणि त्या लेकराच्या डोक्यावर परडी देऊन त्याला देवीला सोडलं. जत्रेत दिसायचं ते पुढं. शिवम्माला ओळखून हसायचंसुद्धा.

म्हणून चैतात एका सकाळी शिवम्मानं दारातून ओरडून सांगितलं, "लक्ष्मम्मा आत्या, ऐकलं का! आमची रत्नी शहाणी झाली!"

पण न्हाण म्हटलं की पाणी आलं, आणि पाणी होतं कुठं? आडात चिखल, तळ्यात भेगा, टँकर चौथ्या दिवशी. पोरीचं न्हाण काही थांबवता येत नाही. तेव्हा शेजारच्या लक्ष्मम्मा आज्जीनंच तोड काढली. ज्या सवाष्णी न्हाण घालायला येतील त्यांनी आपापल्या घरून एकेक चंबू पाणी आणायचं. आणलं त्यांनी! पदराखाली झाकून, ठेचकाळत नाही ना ते बघत, अकरा जणी अकरा चंबू घेऊन आल्या. हळद लावली, गाणी म्हटली, आणि ते पाणी रत्नाच्या डोक्यावर ओतलं. प्रत्येकीचं पाणी वेगळं लागत होतं. कुणाचं गार, कुणाचं उन्हात ठेवलेलं, कुणाचं टाकीच्या गंजाच्या वासाचं. रत्ना हिरवं लुगडं नेसून पाटावर बसली होती आणि ते सगळं पाणी तिच्या पायाशी साठून जमिनीत जिरत होतं. तिनं मान वर केली नाही. बायकांना वाटलं, लाजली पोर.

तेव्हापासून दर महिन्याला चार दिवस ती मैदानावर जायची नाही. अव्वानं कॅलेंडरवर कुंकवाचे ठिपके देऊन ठेवले होते. चार दिवस न दुखणारं पोट धरून घरात बसायचं, आणि पाचव्या दिवशी दुप्पट पळायचं.

तीन आठवड्यांनी समितीनं दोन्ही बाजूंना लातूरला बोलावलं. समितीची खोली नवी, पण कागद जुनेच होते. माथ्यावर छापलेलं 'उस्मानाबाद' लाल पेनानं खोडून वर 'लातूर' लिहिलेलं. किशनराव सर आणि शेषेराव सर आत गेले. अव्वा जिन्यात बसली. बाहेरच्या बाकावर एका टोकाला रत्ना, दुसऱ्या टोकाला गंगामणी. मध्ये तीन माणसं बसतील एवढी जागा.

मग गंगामणीच बोलली. "अक्का, तुझ्यावर राग न्हाई माझा. अर्ज सरांनी केला."

रत्ना पायाच्या अंगठ्यानं फरशी घासत राहिली.

"पण करू का म्हणून त्यांनी इचारलं, तवा मी नको म्हटलं न्हाई. ते बी सांगते."

"कामून?"

"खरं सांगू? दोन वर्षं झाली, मी नुस्ती तुझी पाठच बघून राहिले." गंगामणीनं दोन्ही हात मांडीवर पालथे ठेवले. बोटांची पेरं विडीच्या पानांनी तपकिरी झाली होती, नखाशी कात्रीच्या चिरा होत्या. "सकाळी उठून पाचशे इड्या वळते, मंग पळायला जाते. आल्यावर परत पाचशे. माय म्हणती, पुण्याला निवड झाली तर पळ बापडी. न्हाई झाली तर आता बास. तू काय केलंस मला म्हाईत न्हाई. तू काय बी केलं नसशील. पण मी तरी काय केलं गं?"

रत्नाच्या मनात एवढे दिवस शेषेराव सर होते, दोरीपलीकडचं हसू होतं. ही पोरगी नव्हतीच. तिनं उगाच विचारलं, "तुला... दर महिन्याला येतं?"

"येतं की! लई दुखतं पोट. गेल्या साली तालुक्याला त्यातच पळाले, तिसरी आले." गंगामणी हसली, आणि मग सहज, जशी एक पोरगी दुसरीला विचारते तसं तिनं विचारलं, "तुला न्हाई दुखत?"

"दुखतं की," रत्ना म्हणाली.

इतकं झटकन आलं ते! अगदी अव्वासारखं. आतापर्यंत रत्नाला भीती होती ती पकडलं जाण्याची. आता वाटलं, आपण पकडलेच गेलो नाही तर? जन्मभर असंच झटकन येत राहील का तोंडातून?

तेवढ्यात दार उघडलं आणि किशनराव सर उड्या मारायचेच बाकी होते. "मिटलं! पुण्याचा रिपोर्ट आलाच न्हाई. आपल्या कागदावर पत्ता जुन्या जिल्ह्याचा, कुठं अडकलाय देव जाणे. आन् स्पर्धा आठ दिवसांवर. साहेब म्हणले, पोरीचं न्हाण झालंय न्हवं? मंग न्हाण घालणाऱ्या दोन बायांचे अंगठे आणा मुद्रांकावर. पोरगी पळंल!"

मागून शेषेराव सर आले. "अंगठ्यानं कुठं असलं कळतंय का, किशनराव?"

"अन् हसण्यानं कळतंय व्हय?" किशनराव सर म्हणाले. त्यावर शेषेराव सर "चल, गंगामणी," एवढंच म्हणाले.

जाताना गंगामणीनं मागं वळून बघितलं. "आवंदा बी पाठच म्हण की," ती म्हणाली, आणि गेली.

दुसऱ्या दिवशी किशनराव सर मुद्रांक घेऊन गावात हजर. लक्ष्मम्मा आज्जीच्या ओट्यावर अकराच्या अकरा जणी जमल्या. दोघींचं काम होतं, पण मुद्रांकावर अंगठा उठवायची संधी कुणाला सोडवेना. "माझा बी घ्या की सर, मी काय हळद लावली न्हाई व्हय?" "गप गं, तुझा अंगठा पाटाएवढा, कागद पुरायचा न्हाई!" हशा पिकला. अव्वा कडेला उभी होती. हसत होती, पण तिच्या कपाळावरची विभूती घामानं ओघळली होती.

सरांनी मजकूर वाचला. 'आम्ही खाली अंगठा करणार, सदर मुलीच्या न्हाणास स्वतः हजर होतो व ती रीतीप्रमाणे शहाणी झाल्याचे आम्हांस ठाऊक आहे. हे खोटे निघाल्यास आम्ही शिक्षेस पात्र राहू.'

"कसली शिक्षा ओ?" लक्ष्मम्मानं विचारलं.

"काय न्हाई आज्जी, लिवायची पद्धत हाय."

"असू दे. मी घातलंय न्हवं पाणी, ह्या हातानं." आणि आज्जीनं जांभळ्या शाईच्या गादीवर अंगठा दाबला. चांगला घोळवला. मग कागदाकडे नेला.

रत्ना खांबाला धरून उभी होती. शर्यतीत शिट्टी वाजायच्या आधी एक क्षण असतो, त्यात सगळं मैदान बहिरं होतं. तसंच झालं. फक्त धावून जायला कुठं जागाच नव्हती.

"आज्जी, थांबा."

अंगठा कागदापासून बोटभर वर थांबला.

"न्हाण खोटं होतं. मला कवाच आलं न्हाई. अजून बी न्हाई."

किशनराव सरांनी घाईघाईनं म्हटलं, "रत्ने, काय बरळून राहिलीस? ऊन लागलं का तुला?" त्यांनी तिला सुटायला दार उघडून दिलं होतं. हो म्हणायचं आणि घरात जाऊन पडायचं, बस.

"मी मुलगीच हाय, सर," रत्ना म्हणाली. "पण न्हाण खोटं हाय."

अव्वा होती तिथंच खाली बसली. पदर तोंडावर ओढून घेतला. "माझं डोस्कं फिरलं होतं, बायांनो," पदरातून आवाज आला. "पोरीला कुणी देवीला सोडा म्हणू नये म्हणून केलं. तिचा गुन्हा न्हाई."

बाया ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. एकेक उठली, पदर झटकला आणि चालायला लागली. फक्त रत्नम्मा काकू, रत्नाचीच नावबहीण, पायरीवर थांबली. "तवा माझी सून बाळंतीण होती घरात," ती कुणाकडेच न बघता म्हणाली. "तिच्या न्हाणीतलं काढून आणलं होतं मी."

किशनराव सरांनी मुद्रांकाची घडी घातली. एकदा, दोनदा, तीनदा. मोठा माणूस रडायला आला की कसा दिसतो ते रत्नानं पहिल्यांदा बघितलं. "गंगामणी जाईल मंग," ते म्हणाले. "नांदेड जिल्ह्याची." आणि सायकलवर बसायचं विसरून ती तशीच ढकलत निघाले. लक्ष्मम्मा आज्जी आपल्या अंगठ्याकडे बघत बसली होती. लुगड्याला पुसून बघितला. गेली नाही शाई.

दुसऱ्या दिवशी टँकरची पाळी होती. दोन घागरी वाट्याला आल्या. रत्नानं देव्हाऱ्यासमोरचा पितळी चंबू घेतला आणि काठोकाठ भरला.

"आपल्याला काय राहील गं?" अव्वा म्हणाली. रात्रीपासूनचे तिचे हे पहिले शब्द.

"राहील तेवढं."

एक घर, एक चंबू. परत यायचं, भरायचं, निघायचं. अख्ख्या पंचक्रोशीत जिच्याएवढं कुणी पळत नव्हतं ती रत्ना मुंगीच्या पावलानं चालत होती, कारण भरला चंबू घेऊन पळता येत नाही. तीन दारं उघडली नाहीत. तिथं तिनं उंबऱ्यावरच्या भांड्यात पाणी ओतलं, एके ठिकाणी भांडं नव्हतं तर तुळशीला घातलं. रत्नम्मा काकूच्या सुनेनं लेकरू काखेत घेऊन पाणी घेतलं, आणि रत्नाकडे नखशिखांत बघितलं. पारावरच्या पोरांना एव्हाना सगळं कळलं होतं. "काय रत्नाप्पा! आज पळणं न्हाई का?" एकानं हाळी दिली, बाकीचे खिंकाळले. रत्नाच्या मानेवरून घामाचा थेंब उतरला, पण तिनं वळून बघितलं नाही. वळली असती तर सांडलं असतं.

शेवटचं घर लक्ष्मम्मा आज्जीचं.

आज्जी दारातच बसली होती. "मी कुठं मागाया आले होते?"

"तुम्ही आणलं होतं."

आज्जीनं चंबू घेतला. उठून आत गेली, रांजणात ओतला, शेवटचा थेंब पडेपर्यंत उपडा धरला. बाहेर आली. "डागतरीण काय म्हणती?"

"दाखवाया या म्हणली. आत काय हाय ते बघाया."

"कवा?"

"सोमवारी."

आज्जी हूं म्हणाली. येते म्हणाली नाही, नको म्हणाली नाही. चंबू परत देताना एवढंच बोलली, "मागल्या बोळातनं जा. पारावर ती टाळकी बसलीत."

रत्नानं चंबू घेतला. आज्जीच्या ओल्या अंगठ्याची शाई पितळेला लागली होती, फिकट जांभळी, रेषांसकट. पुसली जाऊ नये म्हणून तिनं चंबू काठाशी धरला.

मागचा बोळ रिकामा होता. ती पुढच्या वाटेनं निघाली. पारावरची पोरं तिला येताना बघून कोपरानं एकमेकांना ढोसायला लागली. चंबू आता रिकामा होता, सांडायला त्यात काही नव्हतं, आणि पाय तर भीतीनं नुसते पळ पळ म्हणत होते.

रत्ना चालत गेली.